असोद्याचा मुऱ्हाळी

पितांबर सेवाभावी नव्हता. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे लोक त्याला तसे म्हणू लागले आणि त्याला त्याचा राग येई.

तो जळगावला एका जिनिंगमध्ये फिटर होता. बायको मथुराबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने नोकरीतून मुदतीआधी अंग काढून घेतले आणि तिचे सगळे स्वतः केले. भाकरी थापल्या, वेणी घातली, हागणे-मुतणे काढले. मूलबाळ नव्हते. नातेवाईक मात्र पुष्कळ होते. ते बिस्किटाचा पुडा घेऊन येत, खाटेशी उभे राहून चुकचुकत, पितांबरने केलेला चहा पीत आणि निघताना घरात एखादे बाईमाणूस हवे होते असे सांगून जात. मथुराबाई गेली त्या दिवशी हेच लोक सगळ्यांत मोठ्याने रडले. पितांबरला रडू आले नाही. त्याने खाटेवरचे रबरी कापड काढले, साबणाने धुतले, सावलीत वाळवले आणि तेरावे झाल्यावर ते परत द्यायला गेला.

कापड सोबत मंडळाचे होते. हे मंडळ अमृतलाल शेठने काढले होते. शेठची आई बरीच वर्षे अंथरुणावर होती. तिचे सगळे शेठची बायको करी. शेवटी असे झाले की आई तशीच राहिली आणि करणारी आधी गेली. त्यानंतर शेठने आपल्या कापडाच्या पेढीमागची खोली रिकामी केली, भांडी, रबरी कापडे, एक चाकाची खुर्ची असे सामान आणून ठेवले, आणि दुसऱ्या चार व्यापाऱ्यांना गळ घालून मंडळ उभे केले. सामान तर द्यायचेच, पण आठवड्यातून एक दुपार मंडळाचा माणूस आजाऱ्याजवळ जाऊन बसायचा आणि घरात त्याचे करणारे जे कोणी असेल त्याला बाहेर काढायचा. आजारी माणसाची चौकशी गाव करते, त्याचे करणाऱ्याची कोणी करत नाही, असे शेठ म्हणे.

पितांबरने कापडाची घडी गादीवर ठेवली. शेठने ती उलगडून पाहिली. इतके स्वच्छ सामान आजवर परत आले नव्हते. रविवारी एका घरी बसाल का, असे त्याने विचारले. पितांबर हो म्हणाला. रिकामी खाट बघत घरात बसण्यापेक्षा ते बरे, एवढाच त्याचा विचार होता.

शेठने त्याला पत्र्याचा एक बिल्ला दिला आणि नियम सांगितले. पुरुषाजवळ पुरुष, बाईजवळ बाई. घरातला चहा घ्यायचा नाही. घरातल्या भानगडीत तोंड घालायचे नाही. आणि करणारे माणूस घराबाहेर पडलेच पाहिजे, नाहीतर आपण गेलो काय आणि न गेलो काय.

घर झुलाल आबांचे होते. आबा मूळचे धुळ्याकडचे शेतकरी. म्हातारपणी मुलाजवळ राहायला जळगावला आले आणि दुसऱ्याच वर्षी वाचा आणि उजवी बाजू घालवून बसले. मुलगा अभिमन केळीच्या वखारीत मुकादम होता. सकाळी जाई तो अंधार पडल्यावर येई. आबांचे सगळे सून तानुबाई करी, आणि गल्लीला ते इतके अंगवळणी पडले होते की आबा म्हटले की तानू, असे लोकांच्या डोक्यात बसले होते.

पहिल्या रविवारी तानुबाईने त्याला दारातच अडवले. माझ्या हातून काय चुकले म्हणून माणूस नेमला, असे तिने विचारले. पितांबरने मंडळाचे सांगितले. ते तिला पटले नाही. धुळ्याच्या नणंदेनेच तिच्यावर नजर ठेवायला हा म्हातारा पाठवला अशी तिची खात्री होती. तिने त्याला आत घेतले, पण स्वतः बाहेर गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली आणि पितांबर आबांना पाणी कसे पाजतो, उशी कशी देतो ते तिरप्या नजरेने बघत राहिली.

"बाई, तुम्ही बाहेर गेल्याशिवाय माझं येणं फुकट आहे," पितांबर म्हणाला.

"मग नका येऊ," तानुबाई म्हणाली.

दुसऱ्या रविवारीही तेच. तेव्हा पितांबर उठला आणि त्याने मधले दार लोटून घेतले. तिला इकडचे दिसेना. तिने दोनदा ते उघडले, त्याने दोनदा लावले. शेवटी ती चपला घालून तरातरा निघून गेली. कुठे गेली ते त्याला कळले नाही. ती परत आली तेव्हा तिच्या गालावर चटईचे वळ उमटलेले होते. शेजारणीच्या ओसरीवर झोपून आली होती. आल्या आल्या तिने आबांचे अंग चाचपून पाहिले, अंथरूण कोरडे आहे का ते पाहिले, आणि काहीही खोड सापडली नाही म्हणून अधिकच चिडली.

असे महिने गेले. दोघांत गोड शब्द कधी झाला नाही. पितांबर यायचा, ती जायची. गल्लीत दोन-चार तोंडे हललीच. सून घर परक्या माणसाच्या अंगावर टाकून फिरते, मंडळाचा म्हातारा पण बरा सोकावला, असे काहीबाही. पितांबरच्या कानावर आले तेव्हा तो त्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि बोलणाऱ्या बाईला म्हणाला, पुढच्या रविवारी तुम्ही बसा, मी येत नाही. ती बाई आत गेली. पण गाऱ्हाणे पेढीवर पोचले.

अमृतलाल शेठने त्याला बोलावून घेतले आणि भानगडीत न पडण्याच्या नियमाची आठवण करून दिली. पितांबरने ऐकून घेतले. त्याच्या चेहऱ्यावरून ते डोक्यात शिरले असेल असे काही दिसले नाही.

सत्तर सालचा उन्हाळा होता. चैत्र सरत आला आणि जिकडेतिकडे आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, बोलणी सुरू झाली. खानदेशात दिवाळी एकवेळ चुकली तर चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. भाऊ नाहीतर बाप गाडी जुंपून लेकीच्या सासरी जातो, तिला घेऊन येतो. असा न्यायला येणारा तो मुऱ्हाळी. मग झाडांना झोके लागतात, बायका मनमुराद गातात, एकमेकींच्या गावांना शिव्या देतात, आणि पुरुष पत्ते कुटत बसतात. त्याच दिवशी पाण्याची घागर भरून पितरांना घासही टाकायचा असतो. मथुराबाईच्या नावाने पितांबरला या वर्षी पहिली घागर भरायची होती.

त्या रविवारी तानुबाई बाहेर गेलीच नाही. आबांच्या खाटेखालची जमीन पुसत राहिली. पितांबरने विचारले तेव्हा म्हणाली की आता कशाला, आखाजीला धुळ्याची थोरली नणंद भिकुबाई आणि पाचोऱ्याची धाकटी, दोघी येणार. चार-पाच पोरे येणार. दळण, सांजोऱ्या, पापड, सगळे व्हायचे आहे. पितांबर म्हणाला की मग बरेच झाले, बापाजवळ लेकी बसतील, तुम्ही माहेरी जा. त्याने सहज म्हटले होते. तानुबाईच्या हातातले फडके थांबले.

"लेक माहेरी आपल्या पायानं जाते का, नाना?" ती म्हणाली. "नवऱ्यानं टाकलेली जाते तशी. मुऱ्हाळी आला तर लेक जाते. पाच वर्षं माहेर दिसलं नाही मला, आणि आता दोन वर्षं कोणी न्यायलाही आलं नाही."

"कोणतं गाव तुमचं?"

"असोदा."

पितांबरने आबांची उशी उगाच सरळ केली. तानुबाईने वर पाहिले आणि त्याचे गाव विचारले. तोही असोद्याचाच होता. तरुणपणी जळगावला आला तो इथलाच झाला होता, पण घराणे असोद्याचे.

"असोद्याचे म्हणून सांगताना लाज वाटली पाहिजे तुम्हाला," ती म्हणाली. "हाकेच्या अंतरावर गाव. म्हातारी आई दर आखाजीला ओट्यावर येऊन बसते म्हणे. आणि तुम्ही आबांची उशी नीट करायला येता माझ्याकडे." मग ती पुन्हा जमीन पुसू लागली.

पितांबरला ते लागले. आणि त्याला लागले की तो गप्प बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी उन्ह उतरायच्या आत तो असोद्याला गेला.

तानुबाईचा भाऊ वना केळीच्या बागेत पाट फिरवत होता. पितांबरने कोण, कुठला ते सांगितले. बहिणीचे नाव काढताच वनाने कुदळ खाली टाकली आणि मनातले सगळे बाहेर काढले. आबा पडल्यावर तीन आखाजींना तो गाडी घेऊन गेला होता. तिन्ही वेळा भिकुबाईने दारातूनच परत पाठवले. आबांचे कोण करील, हे एकच उत्तर. तिसऱ्या वर्षी त्याने बहिणीच्या सासरी द्यायला डांगरे, म्हणजे खरबुजे, नेली होती, चांगली पिकलेली, गोड. भिकुबाईने डांगरे उतरवून घेतली आणि गाडी रिकामी वळवायला सांगितली. सारी गल्ली हसली. अभिमन, तिचा नवरा, ओट्यावर उभा होता, तोही जमिनीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून त्या ओट्याची पायरी चढायची नाही असे वनाने ठरवले होते.

पितांबरने त्याला पुष्कळ समजावले. समजावण्याची त्याची रीत अशी होती की ऐकणारा अधिक तापे. आईकडे बघ, म्हणाला. बहिणीपेक्षा तुला तुझे नाक मोठे वाटते, म्हणाला. वना ते ऐकून लाल झाला.

"एवढा कळवळा आहे तर तुम्हीच जा की मुऱ्हाळी होऊन," तो म्हणाला. "तुम्ही पण असोद्याचेच ना? गावची लेक म्हणजे तुमची पण लेक."

त्याने टोमणा मारला होता. पितांबर मात्र खाली बसला, चपलेतला चिखल काठीने काढला आणि म्हणाला, "गाडी देशील?"

वनाने कुदळ उचलली, परत खाली ठेवली. गाडी देईन, म्हणाला शेवटी, गल्लीच्या तोंडापर्यंत स्वतः हाकीन, पण पुढे पाऊल टाकणार नाही.

ही गोष्ट पितांबरने शेठला सांगायला नको होती, पण सांगितली. न सांगता करणे त्याला चोरीसारखे वाटले. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच तो पेढीवर गेला. शेठने ऐकून डोक्याला हात लावला. सणाच्या दिवसांत मंडळ कुठेच माणूस पाठवत नाही, कारण घर माणसांनी भरलेले असते, असे तो म्हणाला. पितांबर म्हणाला की घर भरलेले असते तेव्हाच करणारीचे सगळ्यांत हाल असतात, आजारी माणूस तर असतोच आणि वर पंगती. एवढे साधे मंडळाला कळत नसेल तर शेठनी आपली माणसे नुसती भांडी वाटायला ठेवावीत. पेढीवर दोन गिऱ्हाइके बसली होती. शेठचा आवाज चढला.

"पितांबरभाऊ, तुम्ही सेवा करायला येता की भांडायला?"

"भांडायला," पितांबर म्हणाला. "सेवा मी घरी करून आलोय."

त्याने खिशातून पत्र्याचा बिल्ला काढून गादीवर ठेवला. शेठने तो उचलला नाही आणि परत घ्या असेही म्हटले नाही.

दुपार टळली तेव्हा पितांबर झुलाल आबांच्या ओट्याशी पोचला. धुतलेले धोतर, डोक्याला टोपी, हातात डांगराची पिशवी. वनाची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि वना घराकडे पाठ करून बसला होता. घरात पोरांचा गलका होता. दोघी बहिणी सकाळीच आल्या होत्या. भिकुबाईला धुळ्याहून आणायला अभिमन स्वतः गेला होता. ती दाराशी पाय पसरून बसली होती. उंच, हाडापेराने मोठी, आवाजाला धार. मंडळाचा माणूस आला असे वाटून तिने हातानेच आत जायला सांगितले.

पितांबर आत गेला नाही. पायरीवर उभा राहून म्हणाला, "मी मंडळाकडून आलो नाही. असोद्याहून मुऱ्हाळी आलोय. तानूला न्यायला."

भिकुबाईला आधी हसू आले. तिने धाकटीला हाक मारली, शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने.

"अवं ऐक, मंडळना माणूस मुऱ्हाळी कधळपाईन व्हयना?"

मंडळाचा माणूस कधीपासून मुऱ्हाळी झाला, यावर धाकटी हसली, शेजारणी ओट्यांवर आल्या. कोणी म्हणाले की आता मंडळ बायका पण पोचवायला लागले. पितांबरने पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्वतः पायरीवर बसला. तो असोद्याचा आहे, घराणे तिथले, गावची लेक न्यायचा गावकऱ्याला हक्क आहे, आणि ती बाहेर येईपर्यंत तो इथून हलणार नाही, असे त्याने सांगितले. मग भिकुबाईचे हसू गेले. आबांचे कोण करील, असे तिने विचारले. वनाला विचारले होते तसेच.

"आबा तुमचे वडील आहेत ना?" पितांबर म्हणाला.

भिकुबाई उभी राहिली. तिने पितांबरला बरेच ऐकवले. बायको गेली, घर खायला उठले, म्हणून दुसऱ्याच्या घरात आग लावत फिरतोस, म्हणाली. पितांबरने मान हलवली. त्यात खोटे काही नव्हते. त्याने ते मान्य केले म्हणून ती अजूनच भडकली. कोणीतरी अभिमनला पत्त्यांच्या डावावरून उठवून आणले. तो हातातली पाने तशीच धरून ओट्याखाली उभा राहिला, एकदा बहिणीकडे, एकदा पितांबरकडे बघत.

मग भिकुबाई भावाकडे वळली. तिचा आवाज एकाएकी खाली आला होता, आणि पितांबरला तिचे ओरडणे सोसत होते तसे हे सोसले नाही.

"बठ्ठं घर मन्हा डोकावर टाकीसन ती चालनी माहेरले. मी बी माहेरलेच येल शे ना रे, भाऊ?"

धुळ्याला तिची सासू दोन्ही डोळ्यांनी अधू होती. सात-आठ माणसांचे घर, दोन म्हशी, आणि सासूला हाताला धरून परसाकडे नेण्यापासून सगळे भिकुबाईवर. वर्षातून माहेरी आलेले हे चार दिवस तिचे. हे चार दिवस पण बापाचे हगणे काढत घालवू का, असे ती विचारत होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. मथुराबाईच्या आजारात आरशात आपला चेहरा असाच दिसे, हे पितांबरच्या ध्यानात आले. या बाईविरुद्ध त्याने मनात पुष्कळ बोलणे तयार करून आणले होते. त्यातले एकही वाक्य आता उपयोगी पडेना.

तेव्हा तानुबाई बाहेर आली. हाताला पीठ होते. आतून तिने सगळे ऐकले होते. ती आधी पितांबरवरच उखडली.

"मला विचारलं होतं का तुम्ही? माझं माहेर, माझा सण, आणि तमाशा तुम्ही मांडला गल्लीत."

विचारले नव्हते, पितांबर म्हणाला.

"वना कुठाय?"

पितांबरने गल्लीच्या तोंडाकडे बोट दाखवले. तानुबाईने मान उंचावून पाहिले. गाडी दिसली, बैलांच्या शिंगांना लावलेला ताजा गेरू दिसला, भावाची पाठ दिसली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने हाताचे पीठ पदराला पुसले.

"अक्का," ती भिकुबाईला म्हणाली, "तुम्हाला आणायला भाऊ धुळ्यापर्यंत गेला. मला न्यायला ह्या म्हाताऱ्याला यावं लागलं. तुमचं खरं आहे, तुम्ही माहेरी आलाय. पण तुमच्या माहेरपणासाठी मी माझं पाच वर्षं सोडलं. यंदा नाही सोडणार."

भिकुबाईने तोंड फिरवले. तानुबाई आत गेली. पितांबरला दारातून दिसत होते. तिने आबांना पेज भरवली, तोंड पुसले, कुशीवर वळवले आणि जाते म्हणून सांगितले. आबांना बोलता येत नव्हते, पण डावा हात चालत होता. त्या हाताने त्यांनी तिचा पदर धरला. मग तिने एकेक बोट सोडवले, घट्ट होते तरी सोडवले, आणि तो हात त्यांच्या छातीवर ठेवला. डोळ्यांत पाणी वगैरे काही आले नाही. आले असते तर ती गेली नसती.

बाहेर येऊन तिने नवऱ्याला सांगितले की रात्री दोनदा कूस बदलावी लागते, न बदलली तर पाठीला जखम होते, आणि जखम झाली तर ती त्याची. अभिमनने पत्ते खिशात घातले. तो पायरी चढून आत गेला आणि खाटेशी उभा राहिला. त्या घरात त्याला खाटेशी उभे असलेले गल्लीने पहिल्यांदाच पाहिले.

गाडी असोद्याच्या वाटेला लागली. शहर मागे पडल्यावर तानुबाईने भावाला एवढेच विचारले की दोन वर्षे पाय कुठे मोडले होते. वनाने बैलांना हाकारले. तिने परत विचारले. त्याने परत हाकारले. घर आले तेव्हा ओट्यावर म्हातारी आई बसलेली होती. गाडीचा आवाज ऐकून तिने हात कपाळाला लावून पाहिले. तानुबाई गाडी थांबायच्या आधीच उतरली. पितांबर थांबला नाही. चहाला बोलावतील या भीतीने तो शेताच्या वाटेने चालत जळगावला परतला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. पितांबरने मातीची नवी घागर भरली, वर डांगर ठेवले. सांजोऱ्या त्याला येत नव्हत्या. भाकरी आणि गूळ, एवढेच त्याने केले. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप सोडून घास टाकला आणि मथुराबाईचे नाव घेतले. नाव घेतल्यावर आणखी काय म्हणायचे असते ते त्याला ठाऊक नव्हते. धूर डोळ्यांत गेला. तो तसाच बसून राहिला, घास जळून जाईपर्यंत, आणि मग त्याचा त्यालाच पत्ता न लागता रडला. चांगला मोठ्याने रडला. दार लावलेले होते.

जेवण गेले नाही. भिकुबाईचे ते वाक्य डोक्यातून जात नव्हते. मी बी माहेरलेच येल शे. उन्हे कलली तसा तो उठला आणि झुलाल आबांच्या घरी गेला. आज खिशाला बिल्ला नव्हता.

घरासमोरच्या लिंबाला झोका बांधलेला होता. गल्लीतल्या लेकी तिथे जमल्या होत्या, पाचोऱ्याची धाकटीही त्यांत होती. भिकुबाई नव्हती. ती आत आबांच्या खाटेशी वाकलेली होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम. अभिमन सकाळपासून खपून आता कुठे ओट्यावर लवंडला होता. अंथरूण चुरगळून गोळा झाले होते आणि आबा चिडून डावा हात आपटत होते.

तिने पितांबरला पाहिले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कसाले उनात आते? आखो कोणले लई जावानं शे?"

कोणाला न्यायचे नाही, पितांबर म्हणाला. तो बसायला आलाय. तिने झोक्यावर जावे.

मंडळाने पाठवले का, असे तिने विचारले. मंडळात आता मी नाही, पितांबर म्हणाला. हा माणूस पुन्हा काहीतरी वाकडे काढणार अशी तिची खात्री होती. आबांना पाडशील, म्हणाली. पितांबरने टोपी खुंटीला लावली, बाह्या वर केल्या आणि अंथरुणाचे दुसरे टोक धरले. दोघांनी ते ताणून सारखे केले. आबा शांत झाले. भिकुबाईने हातातले ओले फडके त्याच्या अंगावर टाकले, दिले असे म्हणता येणार नाही, आणि ती दाराबाहेर गेली.

लिंबाखाली बायकांनी तिला जागा करून दिली. ती आधी नको नको म्हणाली. मग बसली. कोणीतरी मागून झोका ढकलला. पण दर हेलकाव्याला तिची मान घराकडे वळत होती, आत म्हातारा काय करतो ते बघायला.

पितांबर खाटेवरून उठला आणि त्याने दार लोटून घेतले.